रहस्यकथांचा दुसरा खोका

मला एका जागी बसवत नाही. पाहुणे आले की मी सोफ्यावर पाय हलवत बसतो, मग उठून थर्मोस्टॅट बघून येतो, मग उगाचच खिडकीशी जातो. त्या काळात तर हे फारच वाढलं होतं. ऐंशीच्या दशकाच्या मधली वर्षं. आम्ही नुकतंच मिशिगनमधल्या नोव्हायला घर घेतलं होतं. बायको एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला होती, मुलगी शाळेत जात होती आणि मी गाड्यांचे ब्रेक तपासणाऱ्या एका कंपनीत होतो. दर दोन-तीन महिन्यांनी ऑफिसात कुणाचं तरी टेबल अचानक रिकामं दिसायचं. पुढचा नंबर आपला, असं मी मनाशी धरूनच चाललो होतो. तो नंबर लागला नाही, पण त्याची वाट बघण्यात माझी झोप आणि बरीचशी माणुसकी उडाली.

असं असताना माणसं गोल्फ खेळतात, दारू पितात, देवाचं करतात. मी जुनी इंग्लिश मासिकं जमवायला लागलो. ‘इंग्लिश’ म्हणजे इंग्लंडमधली, आणि मासिकं म्हणजे ती. बायकांची चित्रं असलेली. आता लाजायचं वय गेलं, म्हणून स्पष्टच लिहितो.

अमेरिकन मासिकं मला कधीच आवडली नाहीत. भलीमोठी, गुळगुळीत, आणि त्यातल्या बायका दंतवैद्याच्या जाहिरातीतल्यासारख्या हसणाऱ्या. मला हवी होती ती माझ्या जन्माच्या आसपासची आणि त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांतली, खिशात मावतील एवढी छोटी, काळी-पांढरी, दोन पिनांवर उभी असलेली. वर साळसूदपणे लिहिलेलं असायचं, की हे प्रकाशन चित्रकार आणि छायाचित्रकारांच्या अभ्यासासाठी आहे. प्रत्येक फोटोखाली कॅमेरा कुठला, लेन्स कुठली, ॲपर्चर किती, सगळं बारीक अक्षरांत छापलेलं. मी इंजिनिअर माणूस. मला तो तपशील फार आवडायचा. एवढी उघडी बाई समोर आणि खाली शिस्तीत तांत्रिक माहिती, यातला खोटेपणा मला अगदी आपल्या घरातला वाटायचा. मागच्या पानांवर केसांच्या तेलाच्या, हर्नियाच्या पट्ट्यांच्या आणि पत्राद्वारे हिशेबनीस व्हा, अशा जाहिराती.

याचं मूळ पुण्यातल्या हॉस्टेलात होतं. कुणाच्या तरी बोटीवरच्या मामानं आणलेला असा एक अंक ड्रॉइंगच्या गुंडाळीत लपवून खोल्याखोल्यांतून फिरत होता. माझ्या वाट्याला तो दहा मिनिटं आला. त्यात एक बाई स्वयंपाकघरात चहाची किटली हातात घेऊन उभी होती आणि फोटोच्या बाहेर कुणाकडे तरी बघून खरंखुरं हसत होती. अंगावर जवळजवळ काही नव्हतं, पण मला लक्षात राहिलं ते हसणं. तो अंक मला आजतागायत सापडलेला नाही, हे आत्ताच सांगून टाकतो.

शोधण्यात मात्र मी कसूर केली नाही. शनिवारी सकाळी ‘जरा हार्डवेअरच्या दुकानात जाऊन येतो’ म्हणून निघायचं आणि साठ-सत्तर मैलांवरच्या फ्ली मार्केटमध्ये थंडीत जुन्या पुस्तकांचे ढीग उपसायचे. पुढे मला इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या एका गावातला जुना विक्रेता पत्रानं सापडला. तो पत्रांत अंकांचं वर्णन आजारी नातेवाइकांसारखं करायचा. पिना गंजल्या आहेत, मागचं पान डागाळलं आहे, बाकी प्रकृती उत्तम. पार्सल बोटीनं यायला दोन महिने लागायचे. घरी यायला नको, म्हणून मी पोस्टात एक पेटी भाड्यानं घेतली होती. रोज जेवणाच्या सुट्टीत मी तिथं जाऊन ती उघडायचो. पेटी रिकामी असली की दुपार खराब जायची आणि भरलेली असली की अर्ध्या तासात पुढच्या पार्सलची काळजी सुरू व्हायची. समाधान असं काही त्यात नव्हतंच. असतं तर तिसऱ्या-चौथ्या अंकालाच थांबलो असतो.

आता ठेवायचं कुठं? याचं उत्तर मला महाराष्ट्र मंडळानं दिलं.

मंडळाची मराठी लायब्ररी त्या काळी कुणाच्या ना कुणाच्या बेसमेंटमध्ये असायची. ज्याचं बेसमेंट कोरडं, त्याच्या गळ्यात ती पडायची. आमचं कोरडं होतं. पंधरा-सोळा खोके आले. कथा, कादंबऱ्या, दिवाळी अंक, आणि एका खोक्यात कुणीतरी भारतातून येताना भरभरून आणलेल्या खिशात मावतील अशा रहस्यकथा. पुस्तकं टिकावीत म्हणून आमच्या मंडळात सगळ्यांना कव्हरं घालायची पद्धत होती. शाळेत असताना आईनं शिकवलेली तीच पद्धत, फक्त खाकी कागदाऐवजी ग्रोसरीच्या दुकानातल्या कागदी पिशव्या कापून. दर्शनी बाजूला मराठीत नाव आणि नंबर. ग्रंथपाल म्हणून ते काम माझ्याकडे आलं आणि माझ्या लक्षात आलं, की रहस्यकथांचा आणि माझ्या अंकांचा आकार तंतोतंत एक आहे.

मी माझ्या प्रत्येक अंकाला पिशवीचं कव्हर घातलं. त्यावर मनानं रचलेली नावं घातली: ‘तेरा नंबरची छत्री’, ‘ओलसर पुरावा’, ‘किल्ल्या कुणी नेल्या?’, ‘इन्स्पेक्टरची सासू’. नावं रचताना मला भलतीच मजा आली. मग त्यांचा एक खोका केला आणि त्यावर जाड मार्करनं लिहिलं, ‘रहस्यकथा – २’. खऱ्या रहस्यकथांचा खोका नंबर एक. तोसुद्धा कुणी मागत नसे. आमच्या मंडळात सगळे सुशिक्षित. डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक. घरी काय वाचत असतील ते असो, माझ्यासमोर कुणी रहस्यकथा मागितल्या नसत्या. वैचारिक काहीतरी द्या म्हणायचे आणि तीन महिन्यांनी न उघडता परत करायचे. तेव्हा याहून सुरक्षित जागा साऱ्या मिशिगनमध्ये नाही, असं मी ठरवून टाकलं. तीन वर्षं ते खरंही होतं.

त्या जानेवारीत, संक्रांतीच्या हळदीकुंकवानंतरच्या शनिवारी, मी एका शाळेच्या जिममध्ये भरलेल्या पुस्तकांच्या बाजारातून दुपारी परत आलो. कोटाच्या आतल्या खिशात एक अंक होता. बायको स्वयंपाकघरात तिळाच्या वड्या थापत होती. मी बूट काढून थेट बेसमेंटमध्ये गेलो, तर खालच्या फळीवर खोका नव्हता.

मी आधी इतर खोके हलवले. मग घर तापवणाऱ्या फर्नेसच्या मागं बघितलं. मग कपडे धुवायच्या मशीनच्या आतसुद्धा बघितलं, म्हणजे माझी अवस्था काय झाली असेल ते कळेल. शेवटी जिन्यावरूनच ओरडलो, “अगं, लायब्ररीचे खोके कुणी हलवले?”

“अहो, मीच दिला एक,” ती वरून म्हणाली. “त्या नागपूरच्या मावशी आल्यात ना, मुलाकडे, सहा महिन्यांसाठी? हळदीकुंकवाला मला म्हणाल्या, तुमच्या लायब्ररीत डिटेक्टिव्हच्या गोष्टी आहेत का गं? कुणी म्हणून मागत नाही आणि त्या बिचाऱ्या घरात बसून बोअर होतात. सकाळी त्यांचा मुलगा ड्रॉप करायला आला होता त्यांना. चहा झाला, गप्पा झाल्या आणि जाताना खोकाच देऊन टाकला.”

“दोन नंबरचा का दिलास?”

“एक नंबरवर गणपतीचं मखर ठेवलंय तुम्ही. ते कोण उतरवणार?”

खरं होतं. थर्माकोलचं ते मखर मीच तिथं ठेवलं होतं.

मी फोन लावला. बारा वेळा वाजला. मुलगा आणि सून शनिवारी खरेदीला जातात, हे मला माहीत होतं. मावशी घरात असणार, पण भारतातून आलेल्या आया इथं फोन उचलत नसत. पलीकडून कुणी इंग्रजीत बोललं तर काय करायचं? मी पुन्हा लावला. मग बायकोला म्हणालो, “त्यातली काही पुस्तकं फाटकी आहेत, बदलून देतो.” मखर खाली उतरवलं, एक नंबरचा खोका उचलला आणि गाडीत घातला.

“अहो, वड्या तरी घेऊन जा त्यांना,” ती दारातून म्हणाली. मी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

त्यांचं घर चार मैलांवर होतं. रस्त्यावर बर्फाचा चिखल झाला होता आणि प्रत्येक सिग्नल मला बघूनच लाल होत होता. मावशींचं काय होईल, याचा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. मला फक्त बायको दिसत होती. मंडळाच्या रविवारच्या शाळेत ती मुलांना बाराखडी शिकवायची. तिला सगळे मान द्यायचे. उद्या दहा घरांत कुजबुज होणार आणि ती सगळ्यांत शेवटी तिच्या कानावर जाणार. ‘तुझ्या नवऱ्याचा खोका’ म्हणून. तिनं माझ्याबद्दल काय धरून ठेवलं होतं, ते मला नीट ठाऊक नव्हतं, पण जे काही असेल ते आज फुटणार, एवढं कळत होतं. मला भीती वाटत होती.

दार मावशींनीच उघडलं. साठीच्या पुढच्या, ठेंगण्या, नऊवारीवर मुलाचा जाडजूड स्वेटर घातलेल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या खोक्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “या. मी वाटच पाहत होते. बसा न.”

मी बसलो. माझा पाय हलायला लागला. त्या आत गेल्या आणि दोन नंबरचा खोका छातीशी धरून घेऊन आल्या. तो टेबलावर ठेवून त्यांनी वरचं झाकण नीट बंद आहे का ते चाचपलं.

“पलंगाखाली ठेवला होता. सूनबाईनं पाहिलं नाही, मुलानंही नाही. सत्तावीस आहेत. मोजून घ्या.”

“मावशी, मी... म्हणजे ते चुकून—”

“चुकून नाही हो. एवढी सुंदर कव्हरं कुणी चुकून घालत नाही.” त्यांनी एक अंक काढला आणि मधलं पान उघडलं. माझे कान तापले. “मी तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते. बायकांच्या अंगाचं मला काय नवल? ही पोरगी बघा. हिची कंबर दुखत असणार. उभी कशी राहिली आहे बघा न. दोन बाळंतपणं झालेली आहे ही, पोटावरून कळतं.”

मी बघितलं. त्या पानाकडे मी निदान पन्नास वेळा बघितलं असेल. कागदाचा रंग, पिनेची जागा, कोपऱ्यातली घडी, हे सगळं मला पाठ होतं. कंबर मला दिसली नव्हती.

त्यांनी अंक जागच्या जागी ठेवला. चहा टाकते म्हणाल्या आणि उठल्या नाहीत. मग विचारलं, “आणि तुमचं पुस्तक कुठवर आलं?”

“कुठलं पुस्तक?”

“तुमची बायको सांगत होती न आज सकाळी. तुम्ही खाली बसून कादंबरी लिहिता म्हणे. तीन वर्षं झाली. म्हणाली, मावशी, मी कधी विचारत नाही. लिहिणाऱ्याला विचारू नये म्हणतात. ते आपण होऊन दाखवतील तेव्हा वाचीन. ऑफिसात इतकं टेन्शन असतं, तरी येऊन लिहायला बसतात.” त्या थांबल्या. “फार अभिमानानं सांगत होती.”

तेव्हा मला आठवलं. मंडळाचे खोके नुकतेच आले होते तेव्हा एका संध्याकाळी तिनं जिन्यावरून विचारलं होतं, काय करता हो एवढा वेळ खाली? मी समोरच्या वहीत अंकांची नोंद करत होतो. हातात पेन होतं. मी म्हणालो, “थोडं लिहितोय.” ती गेली. मला बरं वाटलं आणि दुसऱ्या दिवशी मी ते विसरलो. ती विसरली नाही. दोन शब्दांवर तिनं तीन वर्षांची कादंबरी उभी केली होती आणि तिचा लेखक मी होतो.

“मी तिला काही सांगायची नाही,” मावशी म्हणाल्या. “माझ्या तोंडून कुठं जाणार नाही. पण ती त्या कादंबरीची वाट बघत बसली आहे न. तुम्ही काय सांगणार आहात?”

मी एक नंबरचा खोका त्यांच्यापुढं सरकवला, दोन नंबरचा उचलला आणि चहा न घेता निघालो.

परत येताना शॉपिंग प्लाझाच्या मागं मोठा कचऱ्याचा डबा होता, तिथं मी गाडी थांबवली. खोका आत टाकायचा, घरी जायचं, आणि कादंबरी जमली नाही, फाडून टाकली म्हणायचं. तिला वाईट वाटेल, ती माझी समजूतही घालेल. किती सोपं होतं! मी उतरलो, खोका काढला, डब्याच्या कडेवर टेकवला आणि परत गाडीत आणून ठेवला. पुन्हा उतरलो. असं तीनदा केलं. खरं सांगायचं तर लाज एकीकडे आणि खोका एकीकडे, अशा ओढाताणीत मी उभा होतो आणि खोका जिंकत होता. माझाच मला संताप आला. तिसऱ्यांदा गाडीत बसलो तेव्हा बोटं बधिर झाली होती.

घरी आलो तेव्हा वड्या डब्यात भरून झाल्या होत्या. बायको हात पुसत म्हणाली, “काय म्हणाल्या मावशी? चिडल्या नाहीत ना फाटकी पुस्तकं बघून?”

मी खोका डायनिंग टेबलावर ठेवला. माझी नोंदवही खालून आणली आणि तीही ठेवली. कोटातला नवा अंक काढून त्यावर ठेवला. म्हणालो, “मी कादंबरी लिहीत नाही. कधीच लिहीत नव्हतो. खाली बसून मी हे करतो.”

तिनं ‘ओलसर पुरावा’ उचलला. कव्हरावरचं नाव वाचून आधी किंचित हसली. मग उघडला. पानं उलटली, मिटला, दुसरा उघडला. तिच्या चेहऱ्यावर मी राग शोधत होतो. राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

“हे मला सांगितलं असतंत तर मी काय खाल्लं असतं तुम्हाला?” ती म्हणाली. “लॅबमध्ये आमच्या टेक्निशियनच्या लॉकरवर याहून वाईट चित्रं आहेत.” मग तिनं वही ओढली. तिला अजून आशा असावी. एक-एक पान उलटून तिनं माझं अक्षर वाचलं. पिना गंजलेल्या. पान सोळा सुटं. मागचं पान डागाळलेलं. शेवटपर्यंत तेच होतं. तिनं वही मिटली आणि खुर्चीत बसली.

“म्हणजे काहीच लिहिलं नाही?”

“नाही.”

ती वहीच्या पुठ्ठ्यावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, “मी पोरीला क्लॅरिनेट वाजवायला गॅरेजमध्ये पाठवते. रोज. तुम्ही खाली लिहीत बसलेले असता म्हणून. आत्तासुद्धा तिथंच आहे. तुम्ही आलात की जिन्याकडे जाल, हे तिला आता सांगावंही लागत नाही.”

मुलगी शाळेच्या बँडमध्ये होती. दोन वर्षं होती. ती काय वाजवते, हे आपल्याला माहीत नाही, ही गोष्ट माझ्या डोक्यात त्या क्षणापर्यंत आलीच नव्हती. मी घरात असूनही घरातला आवाज कधी ऐकला नव्हता आणि तो का नाही, हे विचारलंही नव्हतं. मला रडू आलं आणि रडायचा मला काही अधिकार आहे असं वाटेना.

बायको उठली. जाऊन गॅरेजचं आतलं दार उघडलं तेव्हा थंड हवेचा झोत आत आला आणि त्याबरोबर एक अर्धवट सूर, तो मध्येच थांबला. “आत ये गं,” ती म्हणाली. “आत वाजव.”

मुलगी कोट-टोपी घालून दारात आली. तिनं आईकडे बघितलं, मग टेबलावरच्या खोक्याकडे, मग माझ्याकडे, आणि दबक्या आवाजात आईलाच विचारलं, “इज बाबाज बुक डन?”

ती थोडा वेळ थांबली, मग तिनं दिवाणखान्यात स्टँड उभा केला, त्यावर कागद लावला, आणि बोटं वाकत नव्हती म्हणून दोन्ही हात काखेत घालून उभी राहिली.